विश्रामबागवाडा: कचेऱ्या हलवा, पण वाडा रिकामा करू नका

पुण्यात बाजीराव रस्त्यावरचा विश्रामबागवाडा इतका देखणा असताना त्यात पोस्ट ऑफिस आणि महापालिकेची कार्यालयं कशासाठी, सगळ्यांना बाहेर काढून पूर्ण वाड्याचं संग्रहालय का करू नये, असा प्रश्न विचारला आहे. सोबत दोन उपप्रश्न आहेत: पेशवाई बुडाल्यावर या वाड्याचं काय झालं, आणि अशा लाकडी इमारतीत आजच्या काळात नेमकं काय चालू शकतं. तिन्हींची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून एकत्रच देतो.

पेठांमधले वाडे आणि जुन्या सरकारी कचेऱ्या यांच्या दुरुस्तीत माझी बरीच वर्षं गेली आहेत. माझं मत असं: वाड्याचा काही भाग प्रदर्शनाला जरूर द्यावा, जुन्या कागदपत्रांची जड दप्तरं नक्की हलवावीत, पण सगळा वाडा तिकीट काढून बघायची वस्तू करू नये. तो आजवर टिकला तो माणसांच्या रोजच्या राबत्यामुळे, आणि पुढेही त्यानेच टिकेल.

आधी इतिहास, कारण जपायचं म्हणजे नेमकं काय जपायचं, हे त्यावरच ठरतं.

शनिवारवाडा हाताशी असताना दुसऱ्या बाजीरावाने पुण्यात एकामागून एक वाडे बांधले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून शनिवारवाड्यात झाला होता आणि राघोबादादांच्या या मुलाला तिथे राहणं नकोसं वाटे, असं पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. शुक्रवारवाडा, बुधवारवाडा आणि विश्रामबाग हे तिन्ही त्याचेच. विश्रामबागेचं काम १८०७ च्या सुमारास सुरू झालं आणि त्याला दोन लाखांच्या आसपास खर्च आला. तीन चौक, रस्त्याच्या बाजूला कोरीव लाकडी सज्जा, सुरूच्या झाडासारखे निमुळते होत जाणारे सागवानी खांब. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीच्या लढाईनंतर बाजीरावाने पुणे सोडलं आणि पुढच्या जूनमध्ये इंग्रजांच्या स्वाधीन होऊन तो बिठूरला गेला. म्हणजे ज्याच्यासाठी हा वाडा बांधला, त्याच्या वाट्याला तो फार तर दहा वर्षं आला. त्यानंतरची दोनशे वर्षं वाडा सार्वजनिक कामात आहे. लोक त्याला पेशव्यांचा वाडा म्हणतात ते बरोबरच आहे, पण त्याच्या आयुष्याचा फार मोठा भाग शाळा, महाविद्यालय आणि कचेरी म्हणून गेला आहे.

या दुसऱ्या आयुष्याची सुरुवात मला फार महत्त्वाची वाटते. पेशवे श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. राज्य गेल्यावर इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने ठरवलेल्या धोरणानुसार त्या रकमेतला काही भाग शिक्षणाकडे वळवला गेला आणि ६ ऑक्टोबर १८२१ रोजी या वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. इंग्रजी कागदांत तिला हिंदू कॉलेज म्हटलं आहे. याच पाठशाळेतून पुढे पूना कॉलेज आणि मग डेक्कन कॉलेज उभं राहिलं, आणि १८६८ मध्ये ते येरवड्याच्या नव्या दगडी इमारतीत गेलं. आज येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या आवारात फिरताना त्याचं मूळ बाजीराव रस्त्यावर आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं.

दक्षिणेच्या पैशावर, ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी सुरू झालेल्या याच वास्तूत १६ नोव्हेंबर १८५२ रोजी जोतीराव फुले यांचा सरकारच्या वतीने शालजोडी देऊन सत्कार झाला. मुलींसाठी आणि शूद्रातिशूद्रांसाठी शाळा काढल्याबद्दल तो सत्कार होता आणि इंग्रज शिक्षणाधिकारी मेजर कँडी त्या समारंभात पुढे होते. फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली तो भिडेवाडा इथून हाकेच्या अंतरावर होता. ज्या गावात सावित्रीबाईंना शाळेत जाताना शेणाचे गोळे झेलावे लागले, त्याच गावातल्या पेशव्यांच्या वाड्यात हा समारंभ झाला. माझ्या दृष्टीने या वास्तूच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा दिवस आहे. वाड्याचं संग्रहालय करून तिथे फक्त पगड्या, तलवारी आणि मेणे मांडले, तर हा दिवस कुठे बसवणार? 'पेशवेकालीन रूपात परत आणा' ही मागणी ऐकली की माझा पहिला प्रश्न हाच असतो.

सरकारी हायस्कूलही या वाड्यात भरत असे. मग आली १३ मे १८७९ ची रात्र. बुधवारवाडा आणि विश्रामबाग, दोन्हींना एकाच रात्री आगी लागल्या. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाने सरकार आधीच धास्तावलेलं होतं, त्यामुळे संशयाची सुई पुण्यातल्या सगळ्या सुशिक्षितांकडे वळली. न्यायमूर्ती रानडे यांची तडकाफडकी धुळ्याला बदली झाली ती याच दिवसांत, आणि तिथे त्यांच्या टपालावरही पाळत होती. प्रत्यक्षात आगीबद्दल गुन्हा शाबीत झाला तो सरकारी बुक डेपोतल्याच एका नोकरावर. बुधवारवाडा त्या रात्री कायमचा गेला. विश्रामबागेचा काही भाग जळाला, आणि तो लोकवर्गणी आणि सरकारी मदत मिळून पुन्हा उभा केला गेला. तेव्हा आज ज्याला आपण सरसकट पेशवेकालीन म्हणतो, त्यातला काही भाग १८७९ नंतरच्या पुणेकरांच्या खिशातून आलेला आहे. तोही तितकाच जपण्याजोगा आहे. दुरुस्तीच्या वेळी 'हे नंतरचं आहे, काढून टाका' असं कुणी म्हणालं तर मी हात धरतो.

पुढचा मोठा टप्पा नगरपालिकेचा. आधी नगरपालिकेची कचेरी रे मार्केटच्या, म्हणजे मंडईच्या, वरच्या मजल्यावर होती. १९३० मध्ये ती विश्रामबागेत आली. १५ फेब्रुवारी १९५० ला नगरपालिकेची महापालिका झाली तेव्हाही कारभार इथूनच चालत होता, आणि १९५९ पर्यंत तो इथेच राहिला. आचार्य अत्रे नगरपालिकेत निवडून आले ते याच काळात, आणि रे मार्केटला महात्मा फुले यांचं नाव मिळालं ते त्यांच्या पुढाकाराने. नगरपालिकेचे सभासद असताना फुले यांनी मंडईच्या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता, हेही इथे नोंदवून ठेवायला हवं. शहराचे पाणी, रस्ते, कर, गटारं हे सगळे वाद या वाड्यात तीस वर्षं झाले. महापालिका नव्या इमारतीत गेल्यावर वाड्यात तिची काही कार्यालयं राहिली, तळमजल्यावर पोस्ट ऑफिस नांदलं, आणि अलीकडच्या काळात 'पुनवडी ते पुण्यनगरी' हे शहराच्या इतिहासाचं प्रदर्शन आलं.

आता याच्या शेजारी बाकीच्या वास्तूंचं काय झालं ते बघा. शनिवारवाडा १८१८ नंतर कधी कलेक्टरांचं निवासस्थान, कधी तुरुंग, कधी दवाखाना असा हातोहात फिरत राहिला, एकही वापर धड रुजला नाही, आणि फेब्रुवारी १८२८ च्या आगीत आतल्या इमारती जळाल्या. उरली ती तटबंदी, दरवाजे आणि जोती. शुक्रवारवाडा त्याच्याही आधी गेला. उलट खडकमाळ आळीतली मामलेदार कचेरी बघा. ३ फेब्रुवारी १८३२ ला उमाजी नाईक यांना इथेच फाशी दिलं. त्या जागेला इतिहास आहे, स्मारक आहे, आणि तरी सात-बाराच्या आणि दाखल्यांच्या कामासाठी लोकांचा राबताही तिथे कायम राहिला. गणेशखिंडीतलं गव्हर्नरांचं निवासस्थान १९४९ मध्ये विद्यापीठाला मिळालं नसतं, तर त्या प्रचंड इमारतीची देखभाल कुणी केली असती असं तुम्हाला वाटतं?

वापराने इमारत कशी टिकते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. शहराच्या मध्यभागातल्याच एका जुन्या कचेरीचं काम होतं. वरच्या मजल्यावर शेजारी शेजारी दोन खोल्या, छप्पर एकच, वय एकच. एका खोलीत कारकून बसत. पावसाळ्यात गळायला लागलं की ते खाली बादली ठेवत, अर्ज करत, ओरड करत, आणि कुणीतरी येऊन कौलं सारखी करून जाई. दुसरी खोली रद्दबातल दप्तराची, कुलूपबंद. तिच्यावरची पन्हळ पिंपळाच्या मुळांनी तुंबली होती आणि पाणी भिंतीतून थेट तुळईच्या टोकावर उतरत होतं. कुलूप उघडलं तेव्हा तुळई दिसायला धडधाकट होती, वर ऑइलपेंटचा जाड थर होता. पेन्सिलला टोक करायचा चाकू तिच्यात टेकवला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. भिंतीत बसलेलं दीड फूट लाकूड आतून भुसा झालं होतं आणि तुळई रंगाच्या पापुद्र्यावर आणि शेजारच्या खणाच्या, म्हणजे दोन खांबांमधल्या भागाच्या, आधारावर तरली होती. शेजारच्या खोलीतली तुळई ठणठणीत. दोन्हींत फरक एवढाच की एका खोलीत रोज माणूस बसत होता.

म्हणून पोस्ट ऑफिसला किरकोळ समजू नका. पोस्टासारखं काम सकाळी दार उघडतं, हवा खेळती ठेवतं, आणि पाणी कुठे टपकतंय ते त्याच दिवशी कुणाच्या तरी लक्षात येतं. शिवाय टपाल द्यायला आलेल्या म्हातारीला या वाड्यात यायला तिकीट लागत नाही. तिची आजी शाळेच्या दाखल्यासाठी किंवा पाणीपट्टीसाठी इथेच आली असेल. गावाचं वास्तूशी असलेलं हे नातं एकदा तुटलं की पैसे खर्चून पुन्हा जोडता येत नाही.

याचा अर्थ कचेऱ्या आहेत तशाच ठेवा असा मुळीच नाही. कचेरीने वाड्याचं जे नुकसान होतं ते मी तितक्याच ठामपणे सांगतो.

पहिला शत्रू कागद. पुण्याच्या वाड्यात वजन पेलतो तो लाकडी सांगाडा: दगडी जोतं, त्यावर तळखडे, तळखड्यावर खांब, खांबांवर तुळया, त्यावर कड्या आणि फळ्या, म्हणजे कडीपाट, आणि वर मातीचा आणि चुन्याचा थर. बऱ्याच ठिकाणी विटांची भिंत ही दोन खांबांमधली भर असते. ही रचना माणसांच्या वावरासाठी आहे. भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात मजल्यावर किती भार धरायचा ते दिलं आहे. राहत्या घराला दर चौरस मीटरला साधारण २०० किलो, वर्गखोलीला ३००, संग्रहालयाच्या दालनाला ४००, खुर्च्या न बसवलेल्या सभागृहाला ५००, आणि ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या मांडण्यांना ६००, मांडणी उंच असेल तर त्याहून जास्त. या आकड्यांकडे नीट बघा. लोखंडी रॅकवर छतापर्यंत रचलेलं दप्तर हा सगळ्यांत वाईट भाडेकरू, हे उघड आहे. पण संग्रहालयही वर्गखोलीपेक्षा जड आहे, आणि उद्घाटनाच्या दिवशी दिवाणखान्यात उभी राहणारी गर्दी त्याहून जड. पाठशाळा आणि हायस्कूल या वाड्याला मानवले, त्यामागे हेही एक कारण आहे.

दुसरा शत्रू फरशी. दर दहा-वीस वर्षांनी कुठल्यातरी योजनेत निधी येतो आणि जुन्या फरशीवर नवी बसवली जाते. जुनी काढायचे कष्ट कुणी घेत नाही. इंचभर जाडीची फरशी आणि तिच्याखालचा माल धरला तर चौरस मीटरला पन्नास किलोंहून जास्त वजन कायमचं वाढतं. वरच्या मजल्यावर हे वजन तुळईला कळतं. तळमजल्यावर त्याहून वाईट घडतं. तळखडा हा खांबाच्या पायाखालचा घडीव दगड, लाकडाला जमिनीच्या ओलीपासून वर ठेवायला. फरशीवर फरशी चढत गेली की तळखडा बुडतो आणि खांबाचा पाय सिमेंटच्या आळ्यात उभा राहतो. पुसायचं पाणी, पावसाचं पाणी त्या आळ्यात मुरतं. जुन्या कचेरीत गेलात तर आधी खांबांच्या पायाकडे बघा. तळखडा दिसत नसेल तर खांबाच्या तळाशी बोटाच्या पेरांनी ठोकून बघा, आवाज पोकळ येतो का ते कळेल.

रस्तेही याच प्रकारे चढले आहेत. पेठांमध्ये डांबरावर डांबर पडत गेल्याने बऱ्याच वाड्यांची जोती आज रस्त्याच्या पातळीला आली आहेत, आणि मोठ्या पावसात पाणी देवडीतून चौकात येतं. चौकाचा निचरा करणारी जुनी दगडी गटारं बुजलेली असतात. संवर्धनाच्या कामात कोरीव सज्ज्याचा फोटो छापून येतो, पण मला विचाराल तर पहिला रुपया छपरावर, दुसरा पन्हळींवर आणि तिसरा चौकाच्या निचऱ्यावर खर्च झाला पाहिजे. नक्षी शेवटी.

तिसरा शत्रू सिमेंट. मातीत किंवा चुन्यात बांधलेली विटांची भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा आणि वर प्लास्टिक पेंट मारला की ओल बाहेर पडायला वाट उरत नाही; ती वर चढते आणि भिंतीला टेकलेल्या लाकडात शिरते. म्हणून काम चुन्यातच करायचं. कळीचा चुना विझवून काही आठवडे पाण्याखाली मुरू द्यायचा, वाळू आणि सुरखी, म्हणजे विटांची पूड, यांच्याबरोबर घाणीत मळायचा, पातळ थर द्यायचे, दोन थरांमध्ये वेळ जाऊ द्यायचा आणि ओल्या गोणपाटाने गारवा राखायचा. भर पावसाळ्यात हे काम काढू नये आणि एप्रिलच्या उन्हात उघड्यावर तर अजिबात नाही. इथे सरकारी पद्धतीची अडचण येते. टेंडर निघतं ते बहुतेक मार्चअखेरच्या घाईत, दर डीएसआरचे, म्हणजे सरकारी दरसूचीचे, निवड सर्वांत कमी बोलीची. घनमीटरवर मोजलं जाणारं काम आणि एकेका खांबाचा कुजलेला पाय कापून त्याच जातीचं जुनं सागवान खाच-कूस करून बसवण्याचं काम, ही दोन एकाच तराजूत मावत नाहीत. ज्या सुताराला हे जमतं तो टेंडर भरत नाही, आणि जो टेंडर भरतो त्याच्याकडे असा सुतार असेलच असं नाही. निविदेच्या अटींतच कारागिराच्या हातचं नमुना काम मागणं, ते पसंत पडल्यावरच पुढचं काम देणं, एवढी सुधारणा केली तरी चित्र पुष्कळ बदलतं.

आणि आग. शनिवारवाडा, बुधवारवाडा, विश्रामबाग, तिघांचाही इतिहास आगीने लिहिलेला आहे, त्यामुळे या विषयावर मी तडजोड करत नाही. कचेरीत वर्षानुवर्षं एका वायरला दुसरी वायर जोडत नेलेली असते, तक्तपोशीच्या, म्हणजे लाकडी छताच्या, आत कुठली जिवंत आणि कुठली मेलेली हे कुणालाच माहीत नसतं, आणि वर एसी बसतो. सगळी जुनी वायरिंग काढून टाकून नवी धातूच्या नळीतून न्यायची, मुख्य पॅनेल लाकडी भागाच्या बाहेर ठेवायचं, आणि संध्याकाळी शेवटचा माणूस निघताना एका खटक्यात सगळा वाडा बंद करता आला पाहिजे. चहाची शेगडीसुद्धा आत नको. कॅफे काढायची कल्पना हल्ली प्रत्येक बैठकीत निघते. कॅफे हवाच असेल तर स्वयंपाक बाहेर, वाड्यात फक्त बसायची सोय.

मग वाड्यात काय असावं? माझ्या हातात असतं तर मी असं केलं असतं. तळमजल्याच्या दर्शनी भागात पोस्टासारखं लोकांचं रोजचं काम ठेवायचं, शक्यतो त्याच खात्याचं. एक चौक शहराच्या इतिहासाच्या कायम प्रदर्शनाला, आणि त्या प्रदर्शनात १८२१ ची पाठशाळा, १८५२ चा सत्कार, १८७९ ची आग आणि १९३० नंतरची नगरपालिका यांना पेशव्यांइतकीच जागा. दुसऱ्या चौकाभोवतीच्या खोल्या लहान वर्गांसाठी: मोडी लिपी, चुन्याचं आणि लाकडाचं काम, शहर बघायला निघणाऱ्या मुलांच्या गटांसाठी बसायची जागा. या खोल्यांचे खण छोटे आहेत. त्यांच्या भिंती पाडून हॉल करण्यापेक्षा वीस-पंचवीस जणांचे वर्ग तिथे भरवणं वास्तूला मानवेल. वरचा दिवाणखाना गाण्याच्या बैठकीला द्यावा, पण माणसांची संख्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने ठरवलेली आणि दारावर लिहिलेली. ढोल-ताशा आणि मोठे स्पीकर आत नकोत. महापालिकेचा एखादा विभाग ठेवायचाच असेल तर वारसा विभाग ठेवावा. छपराखाली बसणाऱ्यालाच छपराची काळजी असते.

स्वच्छतागृहं, जिना, लिफ्ट हे सगळं लाकडी सांगाड्यापासून अलग, मागच्या बाजूला, आणि असं की उद्या काढावं लागलं तर वाड्याला ओरखडा उमटू नये. दिव्यांगांना आत येता आलं पाहिजे. २०१६ चा कायदा तसं सांगतो आणि कायदा नसता तरी ते करायलाच हवं होतं. पार्किंगचं म्हणाल तर त्यासाठी चौकाकडे कुणी नजरही टाकू नये. सप्टेंबर २०२४ पासून मंडई आणि कसबा पेठ ही मेट्रो स्थानकं सुरू झाली आहेत आणि दोन्हींपासून वाडा पायी गाठता येतो.

पूर्ण संग्रहालयाला माझा विरोध का, हे एवढं सगळं सांगितल्यावर थोडक्यात सांगता येतं. जुनं कापड, कागद, चित्रं सांभाळायला बंद खिडक्या, मंद प्रकाश आणि तोलून ठेवलेला दमटपणा लागतो. लाकडी वाड्याला लागतात उघड्या खिडक्या आणि वाहती हवा. एकाच छताखाली दोघांचं भागवायचं तर एसी, काचेची दारं आणि खोट्या भिंती येतात, आणि ज्या वाड्यासाठी हे केलं तोच त्यांच्यामागे दिसेनासा होतो. प्रदर्शन मांडायचं तर नकाशे, छायाचित्रं, प्रतिकृती, वाड्याचेच उघडे केलेले सांधे असं हवेत टिकणारं मांडावं. दुर्मीळ वस्तू सांभाळण्यासाठी शहरात दुसऱ्या इमारती आहेत.

नियमांबद्दलही एक गैरसमज दिसतो, की वारसा यादीत नाव गेलं की खिळासुद्धा ठोकता येत नाही. तसं नाही. महापालिकेच्या यादीतल्या वास्तूची दुरुस्ती आणि वापरातला बदल वारसा समितीच्या परवानगीने करता येतो. शनिवारवाड्यासारख्या केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकाभोवती नियम कडक आहेत: १०० मीटरच्या आत नवं बांधकाम नाही आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीशिवाय नाही. पण त्या १०० मीटरमध्येही १६ जून १९९२ पूर्वीच्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी परवानगी मागता येते. अर्ज किचकट आहे, वेळ लागतो, तरी दार बंद नाही. कसब्यातले कितीतरी वाडे 'परवानगी मिळतच नाही' या ऐकीव गोष्टीवर पडू दिले गेले, याचं मला फार वाईट वाटतं.

शेवटी, नागरिक म्हणून तुम्हाला काय करता येईल तेही सांगतो. माहितीच्या अधिकारात तीन गोष्टी मागा: वाड्याची मोजणी करून काढलेले नकाशे, शेवटचा स्ट्रक्चरल ऑडिट अहवाल, आणि गेल्या पाच वर्षांत देखभालीवर दरवर्षी झालेला खर्च. एकरकमी मोठ्या निधीची बातमी येते, पण वाड्याचं आयुष्य ठरतं दरवर्षीच्या छोट्या तरतुदीवर, मे महिन्यात कौलं सारखी करायला आणि पन्हळी साफ करायला पैसे आहेत की नाहीत यावर. आणि जुलैत चांगला पाऊस लागलेला असताना तासभर वाड्यात जाऊन या. पाणी छपरावरून कुठे पडतं, चौकात कुठे तुंबतं, कुठल्या भिंतीवर ओलीची रेघ किती उंच गेली आहे, याचे फोटो काढा, प्रत्येकावर तारीख आणि जागा लिहा, आणि ते वारसा विभागाला लेखी अर्जासोबत द्या. आमच्यासारख्यांना काम सुरू करताना सगळ्यांत आधी हेच फोटो लागतात, आणि फाइलमध्ये नेमके तेच नसतात.